चाल उसनी, हात कुणाचा?

चाल उसनी घ्यायची लाज या मराठी-कानडी सीमाभागात कुणाला वाटलेली नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८०च्या ‘शाकुंतल’ या संगीत नाटकात त्यांनी कानडी पदांच्या चाली बिनदिक्कत आणल्या आणि मराठी प्रेक्षकानं त्या आपल्याच म्हणून डोक्यावर घेतल्या. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी मराठी, कानडी आणि हिंदीतही पदं रचली. अलीकडचं म्हणाल तर ‘सैराट’ : २०१६ला मराठीत, २०१७ला ‘मनसु मल्लिगे’ नावानं कन्नडात, २०१८ला ‘धडक’ होऊन हिंदीत. ‘झिंगाट’ची चाल तिन्हीकडे नाचवून गेली. त्यात बिघडलं काहीच नाही.

आज गुलबर्ग्यापासून सोलापूरपर्यंत मिरवणुकीत जे वाजतं त्यातली उसनवारी वेगळी आहे. चाल नव्हे, वाजलेला आवाजच उचलायचा. ‘हलगी मिक्स’, ‘संबळ मिक्स’, ‘रोड शो मिक्स’. संगणकावर एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवरून हातोहात आलेला हलगीच्या मुद्रित ठोक्यांचा पॅक, आणि वर कधी गाणगापूरच्या दत्ताचं गाणं, कधी भीमगीत. गाणं बदलतं, हलगी तीच.

खरी हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. कागद-पाचोळ्याच्या जाळावर कातडं धरलं की ते ताणलं जातं, आवाज चढतो. थोड्या वेळानं उतरतो, की पुन्हा शेक. एका हातातल्या जाड काठीचा ठोका आणि दुसऱ्या हातातल्या बारीक काडीची थरथर यांचं गणित वाजवणाऱ्यागणिक वेगळं. पॅकमधली हलगी मात्र कायम एकाच शेकाची. चार मात्रांचा तुकडा कापून पुढे चिकटवत गेलं की त्यातल्या एखाद्या ठोक्याची किंचित घाई दर वेळी त्याच जागी, तेवढीच येते. माणसाच्या हातून झाली तेव्हा ती गोड होती. गाणं संपेपर्यंत ती डोक्यात जाते.

यंत्राला नाक मुरडावं असं मला वाटत नाही. बेंगळुरूच्या रॅडेलचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९पासून आहे आणि तो लावून रियाज करणारे मोठमोठे गवई आहेत. ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅड तर आता जुना झाला. पदरी पैसा नसलेल्या पोराला घरबसल्या गाणं करता येतं ते या पॅकमुळेच, आणि ज्यांना स्टुडिओचं दार कधी उघडलं नसतं त्यांची गाणी त्यामुळेच लोकांपर्यंत गेली. हे नाकारणं म्हणजे शिष्टपणा.

पण हिशेब द्यायला हवा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर कव्हर व्हर्जन करायचं तर मूळ गाण्याला पाच वर्षं व्हावी लागतात आणि मानधन आगाऊ भरावं लागतं. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांचा. ‘ज्योती’मधलं (१९८१) लताबाईंचं ‘थोडा रेशम लगता है’ २००२मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेच्या गाण्यात परस्पर वापरलं गेलं, तेव्हा सारेगामा कंपनीनं तिथल्या कोर्टात दावा लावला. मागे कंपनी होती म्हणून ते जमलं. ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाचा १९६९मधला काही सेकंदांचा ताल जगभरच्या असंख्य गाण्यांत वाजला. तो २००६मध्ये वारला, या तालाची रॉयल्टी न मिळताच. आपल्या कायद्यातही वादकाचा हक्क आहे, पण हातोहात फिरणाऱ्या पॅकवर त्याचं नावच नसेल तर हक्क मागायचा कुणी? मिक्समध्ये डीजेचं नाव मात्र घटकेघटकेला ओरडून सांगितलेलं असतं.

मिक्स करणारी पोरं कानानं तयार आहेत, बेस कुठे कापायचा हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मग आळंद-अफझलपूरकडचा एखादा हलगीवाला बोलवून स्वतःचे ठोके का घेऊ नयेत? गार, कोमट, कडक अशा तिन्ही शेकांवरचे. साधा माइकही चालेल. पैसे आधी ठरवावेत, आणि फाइलला त्याचंच नाव द्यावं.