कासची फुले आणि भिंगाची मर्यादा

पश्चिम घाटासमवेत २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या साताऱ्याच्या कास पठाराच्या छायाचित्रांत मॅक्रो लेन्सचा सोस फार आढळतो. सीतेच्या आसवांचे निळेजांभळे फूल नखाएवढे. ते पानभर दिसावयाचे तर अशी लेन्स हवीच. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात बुजऱ्या हरिणासाठी टेलिफोटो हवी, तसेच हे. परंतु इतक्या जवळून घेतलेल्या चित्रात स्पष्टतेची खोली काही मिलिमीटरच उरते व फुलामागील सर्व काही रंगाच्या धुक्यात विरते. या उणिवेस रसिक मंडळी सौंदर्य मानतात! वस्तुतः जांभ्या खडकावरील मातीचा पातळ थर व त्यात मुरलेले पाणी हेच त्या वनस्पतीचे चरित्र होय. निकस मातीमुळेच ती मुळाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत जीव पकडून पोसते. लोकभाषेने 'आसवे' म्हणताना ही ओल नावातच धरली. चित्रांत ती सापडत नाही. रुंद कोनाची लेन्स फुलाशी भिडवली तर खडकही चौकटीत येतो, पण त्यासाठी पठारावर आडवे पडावे लागते आणि शेजारची रोपे चिरडतात. मोबाइलचा संवेदक लहान, म्हणून त्याची स्पष्टता अधिक खोल जाते. वाटेवर उभे राहून घेतलेल्या त्याच्या सामान्य चित्रात फूल ठिपक्याएवढे दिसते, परंतु खडक आणि पाणी दिसते.