स्वगताला श्रोता लागतो

फेसबुकवर आपला तरुण स्वतःशीच बडबडतो, अशी काही समीक्षकांची तक्रार आहे. ती उथळ आहे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी ‘विचार आणि भाषा’ (१९३४) या ग्रंथात नोंदवले आहे की, ऐकू न येणाऱ्या मुलांत बसवताच मुलाचे स्वतःशी बोलणे खूपच घटते. म्हणजे स्वगतालाही ‘माझे कुणाला तरी कळते आहे’ हा विश्वास लागतो. ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे स्वतःलाच. पण त्या स्वगताला वाचक भेटले, त्यावर वाद झाले. ते एकट्याचे राहिले नाही. फेसबुकवर अंगठा मिळतो, उत्तर क्वचितच. तेव्हा दोष द्यायचाच तर आधी आपल्या कानांना द्यावा लागेल. तरुणांचे हे लेखन वस्तीतल्या वाचनालयात मोठ्याने वाचून त्यावर बोलले पाहिजे.