हरलो म्हण, मग सांगते

उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणं पडली की आजी उमाणे, म्हणजे कोडी, घालायची. उत्तर सुचेना झालं की म्हणायची, "हरलो म्हण, मग सांगते." आम्ही हरलो म्हणायचो नाही, झोप लागेपर्यंत डोकं खाजवायचो. उत्तर आहे आणि ते आपल्या ओळखीच्या वस्तूंतच दडलंय, हा भरवसा असायचा. कोडं रचण्याची सगळी कला या भरवशावर उभी असते. रेणापूरला पिंपळफाट्यावर लातूरच्या एसटीची वाट बघताना शेजारपाजारच्या मोबाइलवर फुकटचे कोडे-खेळ दिसतात, तेव्हा मी त्यांना हीच कसोटी लावतो.

सध्या सगळ्यात जास्त दिसतो तो ब्लॉक ब्लास्ट. आठ बाय आठची चौकट, एका वेळी तीन तुकडे, आडवी किंवा उभी ओळ भरली की पुसली जाते. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी रचलेल्या टेट्रिसचं हे नातवंड. पण इथं तुकडे वरून कोसळत नाहीत, घड्याळ मागं लागत नाही. दूध उतू जायला लागलं तर फोन ठेवून उठावं, परत येऊन तिथूनच खेळावं. वाचता येण्याचीही गरज नाही. दिवसभर दुसऱ्यांची कामं उरकणाऱ्या बाईला स्वतःच्या हातानं काहीतरी नीट बसवल्याचं सुख इथं मिळतं, आणि ते सुख खरं आहे. वेळ वाया घालवणं म्हणून मी त्याला हिणवणार नाही.

तक्रार आहे ती त्या सुखाला लावलेल्या नाक्यांबद्दल. २०१२ साली आलेल्या कँडी क्रश सागाने हा रस्ता रुळवला: पाच जीव, आणि गेलेला एक परत मिळायला अर्धा तास. लवकर हवा तर पैसे मोजा. रंगीत गोळ्या कशा पडतील हे नशिबावर असल्यानं लेव्हल अडकली तर चूक आपली की पटाची, हेच कळत नाही. आजीनं उत्तर कधी विकलं नाही. त्यात दर डावानंतर जाहिरात, तिची फुली मोहरीएवढी. म्हाताऱ्या माणसाचं बोट चुकतं आणि नको ते अ‍ॅप उतरतं. म्हणून पोरं आईवडिलांना सांगतात, "नेट बंद करून खेळा." जाहिरातीतला खेळ एक आणि उतरवलेला दुसरा, हेही नेहमीचंच. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्स या खेळांच्या अशा जाहिरातींवर ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं २०२० मध्ये बंदी घातली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार नोंदवले. फुली मात्र अजून मोहरीएवढीच आहे.

फुकटपणाचा फटका रचणाऱ्यालाही बसतो. थ्रीज हा विकत घ्यायचा खेळ वर्षाहून अधिक खपून घडवलेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो आला आणि महिन्याभरात त्याच्याच वळणाचा फुकटचा २०४८ सगळीकडे पसरला. गाब्रिएले चिरुल्ली या इटालियन तरुणानं तो हौसेनं केला होता, त्याला दोष नाही. पण थ्रीजची घडण जास्त नेटकी होती, आणि ती फार थोड्यांनी पाहिली.

फुकट असूनही प्रामाणिक राहता येतं हे जोश वॉर्डल यांच्या वर्डलनं दाखवलं. दिवसाला ओळखायचा एकच शब्द, सहा प्रयत्न, बरोबर जागी बरोबर अक्षर आलं की चौकट हिरवी, आणि तेव्हा जाहिरात नव्हती. २०२२ मध्ये तो न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला. मराठीत असा खेळ रचताना मोठी गंमत आहे, कारण आपली चौकट अक्षराची. मात्रा त्यातच येते. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं भरणाऱ्या माणसाला हे हाताला ठाऊक असतं. समजा, उत्तर 'पाऊस' आहे आणि कुणी 'पोवाडा' लिहिलं. 'प' बरोबर, मात्रा चूक. या चौकटीला कोणता रंग द्यायचा? अर्धा हिरवा? की व्यंजनाला एक खूण आणि मात्रेला दुसरी? हे ठरवायला उमाण्यांवर वाढलेला माणूस हवा. लातूरच्या कॉलेजांतून कॉम्प्युटर शिकून दरवर्षी पोरं बाहेर पडतात. त्यांच्यातल्या कुणीतरी हे मनावर घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे.