घरची नोंद, ऑफिसचं व्याकरण

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, यात समीक्षेचं काय काम? घरच्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं कॅलेंडर एकसारखं ठेवायचं, म्हणजे 'सिंक' करायचं, हा आयटीवाल्यांचा प्रश्न. पण कॅलेंडर हाही एक मजकूरच आहे. तो कुणीतरी लिहितं, कुणीतरी वाचतं आणि त्याला नियम असतात. ते नियम कुणी आणि कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केले, हे आपण विचारत नाही. आज तेवढंच विचारू या.

आधी शब्दाकडे बघू. 'सिंक' या एका नावाखाली तीन निराळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली, नुसती नक्कल. ऑफिसमधून फाइल काढली आणि घरी चढवली. उद्या मीटिंग पुढे ढकलली गेली तर घरच्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नाही. दुसरी, वर्गणी. एका कॅलेंडरची लिंक दुसऱ्याला दिली की ते अधूनमधून जाऊन बघून येतं. हे 'अधूनमधून' कधीकधी काही तासांचं असतं, आणि तिथे फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. तिसरी, दोन्ही बाजूंनी लिहिता येईल अशी खरी देवाणघेवाण. आपण करतो पहिली किंवा दुसरी आणि अपेक्षा ठेवतो तिसरीची. मग चिडचिड होणारच.

ही तिसरी गोष्ट अवघड का? १९९६ साली पाम कंपनीचा 'पायलट' आला. खिशातलं यंत्र पाळण्यात ठेवायचं, बटण दाबायचं, की त्यातल्या आणि कॉम्प्युटरवरच्या नोंदी जुळायच्या. पण एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली असली तर? पाम दोन्ही ठेवून द्यायचा आणि निवाडा माणसावर सोडायचा. आम्हाला ही पद्धत प्रामाणिक वाटते. पुढे हा तिढा दुसऱ्या वाटेने सोडवला गेला. खरी प्रत एकच, ती सर्व्हरवर, आणि घरचा नि ऑफिसचा कॉम्प्युटर या तिच्याकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या. २००७ साली आलेली कॅलडॅव्ह ही पद्धत याच विचाराची. तांत्रिक बाजू बऱ्यापैकी सुटली. पण ही एक प्रत कुणाच्या सर्व्हरवर ठेवायची? आपल्या की ऑफिसच्या?

इथून खरा विषय सुरू होतो. आज बहुतेक कॅलेंडरं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचं नाव आयकॅलेंडर. तिचा मसुदा १९९८ साली आरएफसी २४४५ म्हणून प्रसिद्ध झाला आणि २००९ साली आरएफसी ५५४५ ने त्याची जागा घेतली. पहिल्या मसुद्यावर नावं दोघांची, फ्रँक डॉसन आणि डेरिक स्टेनरसन. एक लोटसचे, दुसरे मायक्रोसॉफ्टचे. दोन्ही कंपन्या ऑफिसांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या. यात काही कट होता असं मुळीच नाही. त्यांच्यापुढे ऑफिसच्या मीटिंगचा प्रश्न होता आणि तो त्यांनी उत्तम सोडवला. पण व्याकरण मात्र ऑफिसचंच झालं.

बघा ना. या भाषेत समारंभाला एक 'आयोजक' असतो, बाकीचे 'उपस्थित'. उपस्थिताने उत्तर द्यायचं: येतो, येत नाही, बघू, किंवा माझ्याऐवजी दुसऱ्याला पाठवतो. (हे शेवटचं उत्तर घराघरांत रोज दिलं जातं, फक्त त्याची नोंद होत नाही.) प्रत्येक नोंद 'पारदर्शक' की 'अपारदर्शक' हेही लिहायची सोय आहे, म्हणजे त्या वेळात माणूस मोकळा धरायचा की अडकलेला. काही सांगितलं नाही तर अडकलेला. नोंद जाहीर की खासगी? काही सांगितलं नाही तर जाहीर. मूळ समज असा, की तुमचा वेळ इतर कुणाला तरी बघायचा आहे.

आता स्वयंपाकघरात भिंतीवर लटकलेलं कॅलेंडर आठवा. कालनिर्णय १९७३ पासून आपल्या घरांत आहे. तारखेच्या चौकोनात दुधाचं लिटर, कामवाल्या ताईंचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कुणाची परीक्षा. तिथे आयोजक कोण? कुणीच नाही, किंवा खरं सांगायचं तर आई. जाता-येता सगळे वाचतात, पेन दोरीला बांधलेलं असतं. हे कॅलेंडर 'सिंक' करावंच लागत नाही, कारण प्रत एकच आणि ती सगळ्यांची. घर आपल्या कॉम्प्युटरवर गेलं की ही सामायिक आठवण नोकरी करणाऱ्या एकाच माणसाच्या खात्यात जाते. आई मग विचारत बसते, "अरे, डॉक्टरांची तारीख कधीची होती?"

शिवाय तिथी. 'दर वर्षी याच दिवशी' असं सांगितलं की मूळ आयकॅलेंडरला फक्त इंग्रजी तारीख कळते. आजोबांचं श्राद्ध दर वर्षी नव्याने हाताने घालावं लागतं. इतर कालगणनांसाठी २०१५ साली पुरवणी निघाली, पण आपल्या रोजच्या कॅलेंडरमध्ये वैशाख वद्य तृतीया निवडायला जा, सापडत नाही.

घड्याळाचंही तेच. मुलगा न्यू जर्सीत आहे, दर शनिवारी रात्री ९ ला फोन करतो. नोंद त्याने केली तर आपल्याकडे उन्हाळ्यात रविवारी सकाळी ६.३० आणि हिवाळ्यात ७.३०. नोंद आपण केली तर आपली वेळ पक्की राहते आणि त्याची सरकते. लिहिणाऱ्याचं घड्याळ चालतं, वाचणाऱ्याने झोप जुळवायची.

आता सांगा, घरच्या नोंदी ऑफिसच्या खात्यात ठेवायच्या का? सोय आहे, कबूल. पण नोकरी सुटते त्या दिवशी खातं बंद होतं आणि मुलीच्या लसीकरणाच्या तारखाही त्याबरोबर जातात. काही व्यवस्थांत ऑफिसचं खातं फोनला जोडलं की दुरून फोन पुसण्याचा अधिकारही ऑफिसला मिळतो. म्हणून आमचं मत उलट्या बाजूने आहे. मूळ प्रत घरच्या खात्यावर असावी आणि तिथे घरातल्या निदान दोघांना लिहिता यावं. ऑफिसला तिथलं फक्त 'अडकलेला आहे' एवढंच दिसावं. कशात, ते नाही. ऑफिसचं कॅलेंडर घरी वर्गणीने आणावं, तेही कंपनीचे नियम परवानगी देत असतील तर. दोन्हीकडून लिहिण्याचा हट्ट सोडला तर फारसं बिघडत नाही. आणि भिंतीवरचं खिळ्यावरून काढू नका, त्याला पासवर्ड लागत नाही.

प्रश्न असतील तर घेऊ.