दोरीपलीकडचा न्यूमन

१९५१ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या बेटी पार्सन्स गॅलरीत चित्रकार बार्नेट न्यूमनचं दुसरं एकल प्रदर्शन लागलं, तेव्हा त्याने प्रेक्षकांसाठी एक टाइप केलेली चिठ्ठी लावली होती. मोठी चित्रं लांबून पाहण्याकडे लोकांचा कल असतो, पण ही मोठी चित्रं जवळून पाहण्यासाठी आहेत, असा तिचा आशय. त्या प्रदर्शनात ‘व्हिर हिरोइकस सब्लिमिस’ होतं : जवळजवळ अडीच मीटर उंच, साडेपाच मीटरच्या आसपास रुंद, सगळं लाल आणि त्यात पाच उभ्या रेघा. तिथेच ‘द वाइल्ड’ही होतं. त्याची उंची तेवढीच, रुंदी जेमतेम चार सेंटिमीटर. एकही चित्र विकलं गेलं नाही.

न्यूमनची प्रदर्शनं मोजकी आहेत. आयुष्यभरात त्याने सुमारे १२० चित्रं आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी शिल्पं केली. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रदर्शन या प्रकाराचं काय झालं हे समजून घ्यायला त्याच्याइतकं सोयीचं उदाहरण नाही. ‘जवळ या’ म्हणणाऱ्या चित्रकाराची चित्रं टप्प्याटप्प्याने कशी लांब गेली, याची ही गोष्ट आहे.

चित्रकार म्हणून नाव होण्याआधी तो प्रदर्शनं मांडणारा माणूस होता, हे सहसा सांगितलं जात नाही. १९०५ साली न्यूयॉर्कमध्ये पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्म, सिटी कॉलेजात तत्त्वज्ञानाची पदवी, मग वडिलांच्या कपड्यांच्या कारखान्यात मंदीचे दिवस काढणं. १९३३ साली हा गडी न्यूयॉर्कच्या महापौरपदालाही उभा राहिला. चित्रं काढत होता, पण चाळिशीपूर्वीचं बहुतेक काम त्याने नष्ट केलं. १९४४ साली त्याने अमेरिकेतल्या कोलंबसपूर्व दगडी शिल्पांचं प्रदर्शन जुळवलं. १९४६ मध्ये बेटी पार्सन्सची नवी गॅलरी उघडली तीच त्याने मांडलेल्या उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या आदिवासींच्या चित्रांनी. पुढच्याच वर्षी ‘द आयडियोग्राफिक पिक्चर’ या प्रदर्शनात त्याने रॉथ्को, स्टिल, राइनहार्ट, हॉफमन यांच्या ओळीत स्वतःलाही बसवलं. चित्रं एका खोलीत आणली की त्यांचा युक्तिवाद तयार होतो, हे त्याला रंगाच्या आधी कळलं होतं.

रंग कळला तो १९४८ साली, त्याच्या वाढदिवशी, २९ जानेवारीला. ‘वनमेंट वन’ हे चित्र सत्तर सेंटिमीटरही उंच नाही. गडद किरमिजी पृष्ठभाग, मधोमध वरपासून खालपर्यंत चिकटवलेली मास्किंग टेप, आणि ती चालेल का हे पाहायला तिच्यावरच ओढलेला उजळ केशरी-लाल रंग. एरवी टेप काढून टाकायची, पार्श्वभूमी नीट करायची, मग रेघ भरायची. न्यूमन तिथेच थांबला. टेप आजही कॅनव्हासवर आहे. तिच्या कडेने रंग थोडा फुगलेला आणि खरबरीत आहे, ब्रशचे फटके दिसतात. छापील पुस्तकात ही रेघ पट्टीने आखल्यासारखी गुळगुळीत वाटते. प्रत्यक्षात ती अजिबात गुळगुळीत नाही, आणि हे दीड हातावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पुढचे अनेक महिने तो या एका चित्राचा विचार करत बसला होता.

१९५० चं पहिलं एकल प्रदर्शन फसलं. एकच चित्र गेलं, तेही ओळखीत. ‘आर्ट न्यूज’मध्ये टॉमस हेस या समीक्षकाने त्याला चित्रकारापेक्षा गप्पिष्ट सिद्धान्तवादी ठरवून टाकलं. १९५१ च्या दुसऱ्या प्रदर्शनानंतर न्यूमनने गॅलरीतून आपलं काम उचललं. १९५२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये म्हणजे मोमामध्ये ‘फिफ्टीन अमेरिकन्स’ झालं, त्यात पोलॉक, रॉथ्को, स्टिल होते आणि न्यूमन नव्हता. घर चाललं ते पत्नी अ‍ॅनाली हिच्या शाळेतल्या नोकरीवर. ती शॉर्टहँड आणि टायपिंग शिकवायची.

उपेक्षित प्रतिभावंताची ही कथा मला पूर्ण पटत नाही. उपेक्षा खरी, पण न्यूमनने तिला हातभारही भरपूर लावला. तो पत्रं लिहून भांडायचा, आपल्या अटींवर नसेल तर चित्र देत नसे. जुना मित्र अ‍ॅड राइनहार्टने एका लेखात टोमणा मारला म्हणून त्याने अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि तो फेटाळला गेला. तरीही हा हट्ट केवळ मानापमानाचा नव्हता. दहा जणांच्या गर्दीत आपलं एक चित्र टांगलं तर ते फक्त लाल फलक दिसेल, ही त्याची भीती रास्त होती.

१९५७ च्या अखेरीस हृदयविकाराचा झटका आला. गंमत अशी की त्यानंतरच दिवस पालटले. १९५८ मध्ये बेनिंग्टन कॉलेजात त्याचं पहिलं सिंहावलोकन झालं, आणि पुढच्या वर्षी समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्गच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या फ्रेंच अँड कंपनी या गॅलरीत २९ चित्रं लागली. आठ वर्षांनी न्यूयॉर्कला त्याचं काम एकत्र दिसत होतं, आणि आता बघणारे वेगळे होते. डोनाल्ड जड, फ्रँक स्टेला यांच्या तरुण पिढीला या रेघांत अध्यात्म दिसलं नाही. त्यांना दिसली ती पसरट, थेट, कसलाच आव न आणणारी वस्तू. १९६५ च्या साओ पाउलो द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडणीकार वॉल्टर हॉप्सने त्याला याच पिढीतल्या सहा जणांसोबत मांडलं. न्यूमनने पारितोषिकाच्या स्पर्धेबाहेर राहायच्या अटीवर होकार दिला. साठीतल्या माणसाला तरुणांमध्ये वडीलधाऱ्याची जागा मिळाली, आणि ती त्याला आवडलेली दिसते.

माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचं शिखर म्हणजे १९६६ सालचं गुगेनहाइममधलं ‘स्टेशन्स ऑफ द क्रॉस’. एकसष्टाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या संग्रहालयातलं हे त्याचं पहिलं एकल प्रदर्शन. क्रूसाच्या वाटेचे चौदा मुक्काम, चौदा कॅनव्हास, आठ वर्षांचं काम. पहिली दोन चित्रं आजारातून उठल्यावर केली तेव्हा मालिकेचा पत्ताही नव्हता. चौथ्याशी आल्यावर आपण काय करतो आहोत हे त्याला उमगलं. रंग वर्ज्य. अस्तर न दिलेला कोरा कॅनव्हास आणि त्यावर काळा, पांढरा एवढंच. काही रेघा टेप लावून रंग भरलेल्या. काही ठिकाणी उलट, टेपच्या जागी कोरं कापड राखलेलं आणि दोन्ही बाजूंनी कोरड्या ब्रशचा काळा फराटा बाहेर पसरलेला. अस्तर नसल्यामुळे चुकीला जागा नाही, कापड रंग पिऊन टाकतं. चौदाव्या चित्रात काळा उरतच नाही. प्रत्येक मुक्कामाची वेगळी घटना सांगायची नव्हती, येशूच्या ‘मला का टाकलंस’ या एका प्रश्नाचाच सगळा पसारा आहे, असं न्यूमनचं म्हणणं. ख्रिस्ती विषय, ज्यू चित्रकार, आणि कुठेही माणसाची आकृती नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जॉन कॅनडेने झोडपून काढलं. त्याचा राग समजू शकतो. ही चित्रं सुटी पाहिली तर काहीशी रुक्षच वाटतात. चालत जाऊन, एकेका उभ्या पट्टीसमोर थांबत पाहिल्यावर त्यांची लय लागते. इथे ओळच चित्र आहे.

शिल्पांकडे मात्र समीक्षेने पाठ फिरवली आहे. ‘हिअर वन’ १९५० चं, प्लास्टर आणि लाकडाचं : शेजारी शेजारी उभे दोन दांडे, एक जाड, एक बारीक. चित्रातली रेघ भिंतीवरून उतरून जमिनीवर आली, इतकं सरळ. १९६८ मध्ये शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनावेळी पोलिसांनी निदर्शकांना बडवलं, तेव्हा महापौर डेली यांच्या निषेधाचं प्रदर्शन रिचर्ड फायगेनच्या गॅलरीत झालं. त्यासाठी न्यूमनने ‘लेस कर्टन फॉर मेयर डेली’ केलं : पोलादी चौकट, आत काटेरी तारेची जाळी, तिच्यावर उडालेला लाल रंग. एवढं उघड राजकीय काम त्याने पुन्हा केलं नाही, आणि कलेच्या दृष्टीने ते त्याचं सर्वांत उथळ काम आहे.

‘ब्रोकन ऑबेलिस्क’ मात्र अफाट आहे. खाली पिरॅमिड, वर उलटा, तुटक्या बुडाचा स्तंभ, आणि टनावारी गंजरंगी पोलादाचा भार जिथे टेकतो ती जागा जेमतेम सव्वादोन इंची. १९६७ साली एक प्रत न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीच्या चौकात आणि दुसरी वॉशिंग्टनला कॉर्कोरन कलादालनाबाहेर उभी राहिली. पुढे ह्यूस्टनच्या द मेनिल या कलासंग्राहक दांपत्याने हे शिल्प मार्टिन ल्यूथर किंग यांना अर्पण करायच्या अटीवर शहराला देऊ केलं. शहराने ती अट नाकारली. तेव्हा त्यांनी ते स्वतःच घेतलं आणि १९७१ मध्ये रॉथ्को चॅपेलसमोर पाण्यात उभं केलं. छायाचित्रात फार देखणं दिसतं, पण त्या पाण्याने माणूस लांब राहतो. सिअ‍ॅटलच्या विद्यापीठातली प्रत विटांच्या उघड्या चौकात आहे, विद्यार्थी तिच्या बुडाशी बसतात. मला तीच मांडणी न्यूमनची वाटते.

४ जुलै १९७० रोजी तो गेला. १९७१ मध्ये मोमाने भव्य सिंहावलोकन केलं. त्याचा मांडणीकार कोण, तर १९५० मध्ये त्याला निकालात काढणारा टॉमस हेस! समीक्षकाने मत बदललं याचा आनंदच आहे, पण मत बदललेल्या माणसाची भक्ती जरा जास्त होते. हेसने चित्रांना ज्यू गूढवादाची अशी गच्च चौकट दिली की पुढची वीस वर्षं लोक कॅनव्हास पाहण्याऐवजी संकेत उलगडत बसले. २००२ मध्ये फिलाडेल्फियात अ‍ॅन टेम्किनने केलेलं प्रदर्शन त्या मानाने मोकळं होतं.

दरम्यान चाकू आले होते. १९८२ मध्ये बर्लिनला ‘हूज अफ्रेड ऑफ रेड, यलो अँड ब्लू’ मालिकेतल्या चौथ्या चित्रावर हल्ला झाला. १९८६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात त्याच मालिकेतलं तिसरं चित्र एकाने फाडलं, आणि १९९७ मध्ये तोच इसम परत येऊन निळ्या ‘कॅथेड्रा’वर चाकू चालवून गेला. तिसरं चित्र न्यूयॉर्कच्या एका दुरुस्तीकाराकडे गेलं आणि १९९१ मध्ये परत आलं ते चपटं होऊन. मूळ रंगावर रोलर फिरवला आहे, असं जाणकार म्हणू लागले, आणि प्रकरण कोर्टात गेलं. जवळपास त्याच काळात, १९९० मध्ये, कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाने ‘व्हॉइस ऑफ फायर’ अठरा लाख डॉलरच्या आसपास घेतलं म्हणून गदारोळ चालला होता. दोन डबे रंग, दोन रोलर आणि दहा मिनिटं दिली तर मीही काढतो, असं तिथला एक खासदार म्हणाला. अ‍ॅम्स्टरडॅमच्या वादातच त्याला उत्तर आहे. न्यूमनच्या लालमध्ये पातळ थर एकावर एक चढवलेले असतात, आणि खालून वर येणारी ती धग सपाट लेपाखाली गाडली गेली की उरतो निव्वळ फलक. एरवी कुणाला न दिसणारी कारागिरी गेल्यावरच दिसली.

भारतातल्या चित्रकारांना ही पिढी अगदीच परकी नव्हती. १९६७ साली मोमाचं ‘टू डिकेड्स ऑफ अमेरिकन पेंटिंग’ दिल्लीला आलं, सोबत ग्रीनबर्गही. त्याआधीच वासुदेव गायतोंडे १९६४-६५ मध्ये न्यूयॉर्कला राहून आले होते. आपल्याकडे गायतोंडेंची तुलना सवयीने रॉथ्कोशी होते. थोडं काढणं, थोडं दाखवणं आणि बाकी गप्प राहणं या बाबतीत त्यांच्या जवळ न्यूमन येईल असं वाटतं, आणि मग आठवतं की न्यूमन गप्प कधीच राहिला नाही.

आजची स्थिती अशी. २०१४ मध्ये ‘ब्लॅक फायर वन’ लिलावात ८ कोटी ४१ लाख डॉलरवर गेलं. या किमतीला विमा उतरवून पन्नास-साठ चित्रं एका छताखाली आणणं संग्रहालयांना परवडणं कठीण, आणि आणली तरी जमिनीवर रेघ, पुढे दोरी, बाजूला पहारेकरी. चाकूचा इतिहास पाहता त्यांना दोष देता येत नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने ‘स्टेशन्स’ची सगळी मालिका वरच्या मनोऱ्यातल्या दालनात एकत्र ठेवली, हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग, कारण ती फिरत नाही, तुटत नाही, आणि बघणाऱ्याला तिच्यापाशी परत जाता येतं. २०१५ मध्ये ह्यूस्टनच्या मेनिल कलेक्शनने फक्त शेवटच्या वर्षांतलं काम मांडलं, त्यात स्टुडिओत अपुरे राहिलेले कॅनव्हासही होते. अखेरच्या काळातली त्रिकोणी चित्रं मला फसलेलीच वाटतात. कॅनव्हासचा आकारच इतका बोलतो की रेघेला काम उरत नाही. पण अपुऱ्या कॅनव्हासवर टेप कुठे लावायची होती, कुठला थर आधी आला, हे दिसतं, आणि महासिंहावलोकनातून जे कळत नाही ते एका दालनात कळून जातं. मोठ्या संग्रहालयांनी आता पूर्ण न्यूमन दाखवायचा हट्ट सोडावा. चार चित्रं लावावीत, समोरची भिंत रिकामी ठेवावी आणि एका वेळी पाच-सात माणसंच आत सोडावीत. पहारेकऱ्याला तेवढ्यांवर नजर ठेवता येते, मग दोरी काढायलाही हरकत नसावी.