'मूळ बातमी' आणि गोंडी श्रोता

सामुदायिक नभोवाणीविषयीच्या २००६ च्या धोरणाने स्थानिक केंद्रांस बातम्या सर्वस्वी वर्ज्य ठेविल्या होत्या. पुढे सवलत मिळाली ती अशी : बातमी केवळ आकाशवाणीची असावी; ती मूळ रूपात अथवा स्थानिक बोलीत भाषांतर करून द्यावी; मात्र भाषांतरात विपर्यास होऊ नये. कायदेपंडितांस हे कलम निरुपद्रवी वाटेल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात ते लावू गेल्यास भाषाशास्त्राचा प्रश्न उभा राहतो.

मराठीत लिंगे तीन. द्राविड कुळातील गोंडीत पुरुषवाचक व तदितर अशी दोनच. 'बाई आली', 'पाणी आले' यांतील क्रियापदांचा भेद तेथे उरत नाही. यास कोणी विपर्यास म्हणणार नाही. खरी अडचण 'सामूहिक वनहक्क' यासारख्या शब्दाची. मेंढा (लेखा) या गोंड गावास हा हक्क २००९ मध्ये मिळाला. ही बातमी गोंडीत सांगताना मराठी शब्द तसाच ठेवला, तर श्रोत्यास बोध नाही; 'गावाच्या जंगलातील बांबूवर ग्रामसभेचा अधिकार' असे उलगडले, तर मूळ संहितेत भर पडते. कलमाने भाषांतरास मुभा दिली, विवरणास नाही. विपर्यासाच्या भयापेक्षा ही उणीव प्रस्तुत लेखकास अधिक गंभीर वाटते. कारण सावध निवेदक अशी बातमीच गाळील, आणि गाळलेल्या बातमीस हे कलम लागू होत नाही.