अन्य भाषा : साक्ष कोणाची आणि सनद कोणाची?

माणसाच्या तोंडून निघालेल्या आवाजाला वाणी म्हणायचे की बडबड, हे कोण ठरवते? ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी आपल्या पहिल्या पत्राला ‘मूकनायक’ हे नाव दिले. त्या परंपरेतल्या वाचकाला हा प्रश्न परका नाही. ख्रिस्ती जगात हाच प्रश्न गेली सव्वाशे वर्षे ‘अन्य भाषा’ ह्या नावाने भांडला जात आहे. प्रार्थनेच्या भरात, कधी न शिकलेली आणि बहुधा कोणालाच न कळणारी वाणी तोंडून निघणे म्हणजे अन्य भाषा बोलणे. एक पक्ष म्हणतो, पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची ही खूण आहे. दुसरा म्हणतो, हे वरदान पहिल्या प्रेषितांबरोबरच संपले. तिसरा म्हणतो, वरदान आजही आहे, पण ते सर्वांना मिळालेच पाहिजे असे नाही. तिन्ही पक्ष बायबलचेच आधार देतात. म्हणून हा वाद निव्वळ धर्मशास्त्राचा वाटतो. पण कसोटी कोणी लावली आणि कोणाला लावली, हे तपासले की त्याचे खरे रूप दिसू लागते.

मूळ आधार दोन आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमात जमलेल्या देशोदेशींच्या लोकांना शिष्यांचे बोलणे आपापल्या भाषेत कळते. बोलणारे गालीली आहेत. राजधानीच्या लोकांना ज्यांची बोली लगेच ओळखू यावी असे मुलखाच्या कडेचे लोक. ऐकणाऱ्यांपैकी काही जण म्हणतात, हे प्यालेले आहेत. दुसरा आधार पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र. तिथल्या मंडळीतली अन्य भाषा कोणालाच कळत नाही. पौल तिच्यावर बंदी घालत नाही. मात्र अर्थ सांगणारा कोणी नसेल तर सभेत गप्प राहावे, असे बजावतो. न कळणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा कळणारे चार-पाच शब्द त्याला मोलाचे वाटतात. हा विवेक मान्य करण्यासारखा आहे. पण शिस्त सांगणाऱ्या त्याच चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत मौन पाळावे असेही लिहिलेले आहे. त्या ओळी मागाहून घुसडल्या असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. त्या कोणाच्याही असोत, ‘सुव्यवस्था’ ह्या शब्दाने अर्थाचे रक्षण होते आणि तोंडेही बंद होतात, हे दोन्ही एकाच पानावर दिसते.

आधुनिक वादाची सुरुवात अमेरिकेत झाली. कॅन्सास राज्यातील टोपेका येथे चार्ल्स पार्‌हम हा गोरा उपदेशक बायबलशाळा चालवीत होता. जानेवारी १९०१ मध्ये तिथे ॲग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषा बोलली. अन्य भाषा हाच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा, हा सिद्धान्त पार्‌हमने मांडला. पुढे त्याने टेक्सासमधील ह्यूस्टन येथे वर्ग काढला. तिथे विल्यम सेमूर हा काळा उपदेशक शिकायला आला. सेमूरचा जन्म १८७० मधला, लुइझियानाचा. आईबाप एकेकाळचे गुलाम. वर्णभेदाच्या रिवाजाप्रमाणे त्याला वर्गात बसता आले नाही. दार किलकिले ठेवून बाहेर बसून त्याने धडे ऐकले. गुरूचा सिद्धान्त असा की आत्मा कोणावरही उतरतो. त्याच गुरूच्या वर्गात मात्र काळ्याला खुर्ची नव्हती. ह्या दारात आपल्या वाचकाला एकलव्य आठवला तर नवल नाही.

एप्रिल १९०६ मध्ये हाच सेमूर लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरील एका पडीक इमारतीत सभा घेऊ लागला. इमारत आधी काळ्यांचे चर्च होती आणि नंतर तिचा तबेला झाला होता. तिथे मोलकरणी, हमाल, धोबिणी, मेक्सिकन मजूर, गोरे पाळक एकत्र गुडघे टेकू लागले. काळ्या स्त्रिया गोऱ्या पुरुषांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागल्या. त्या काळच्या अमेरिकेत अन्य भाषेपेक्षा हीच गोष्ट अधिक अचाट होती. शहरातील वर्तमानपत्राने १८ एप्रिल १९०६ च्या अंकात ह्या सभेची विचित्र कलकलाट म्हणून टवाळी केली. ऑक्टोबरमध्ये खुद्द पार्‌हम आला आणि काळ्यागोऱ्यांची ती सरमिसळ पाहून त्याला किळस आली. त्याने वंशद्वेषी भाषेत तिचा धिक्कार केला. खूण तीच होती आणि सिद्धान्तही त्याचाच होता. खटकली ती खूण बाळगणाऱ्यांची जात.

ह्या अनुभवाने सेमूरचा विचार बदलला. निव्वळ अन्य भाषा ही आत्म्याची साक्ष नव्हे; ती बोलणाऱ्याच्या अंगी प्रीती नसेल तर तिला किंमत नाही, असे तो सांगू लागला. १९१५ साली त्याने आपल्या मंडळीची नियमावली छापली. तीत प्रमुख अधिकारपदे काळ्यांकडेच राहतील असे ठरवले. त्याला फुटीर म्हणणे सोपे आहे. पण अनेक गोरे अनुयायी तोवर निघून गेले होते. १९२२ मध्ये तो वारला तेव्हा मंडळी मूठभर उरली होती.

दरम्यान १९१४ मध्ये गोऱ्या नेत्यांनी आर्कान्सास राज्यात ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ हा संघ स्थापन केला. १९१६ च्या श्रद्धाविधानात अन्य भाषेचा पुरावा कलम म्हणून आला. तो मान्य नसल्याने एफ. एफ. बॉसवर्थसारखा नामांकित प्रचारक १९१८ मध्ये बाहेर पडला. म्हणजे पुराव्याच्या कलमावरून माणसे सोडायची तयारी होती. रंगभेदावरून मात्र एवढी निकड कोणाला वाटली नाही. १९३९ मध्ये काळ्यांना दीक्षा न देण्याचे धोरण ह्या संघाने ठरवले. १९६० च्या दशकापर्यंत ते मोडले नाही. १९४८ मध्ये पेंटेकॉस्टल संघांची उत्तर अमेरिकी संघटना उभी राहिली, तीही गोऱ्यांचीच. १९९४ मध्ये मेम्फिस येथे ती विसर्जित करून काळ्यागोऱ्यांची नवी संघटना झाली आणि एका गोऱ्या पाळकाने एका काळ्या बिशपचे पाय धुतले. अझुसापासून तिथवर यायला ८८ वर्षे लागली. आत्म्याची खूण जपली गेली, पण त्या खुणेने जे मोडले होते ते पुन्हा बांधले गेले.

विरोधी पक्षाचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. प्रिन्स्टनचा बी. बी. वॉरफिल्ड ह्याने १९१८ साली ग्रंथ लिहून मांडले की चमत्काराची वरदाने प्रेषितांच्या अधिकारपत्रासारखी होती आणि त्यांच्याबरोबर ती संपली. १९७२ मध्ये विल्यम सॅमरिन ह्या भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिले की अन्य भाषेतले ध्वनी बोलणाऱ्याच्या परिचित भाषांमधलेच असतात आणि त्यांत व्याकरण सापडत नाही. तरी तो बोलणाऱ्याला वेडा ठरवीत नाही. हा निष्कर्ष आपण स्वीकारावा. पार्‌हमचा दावा तर असा होता की आत्मा खऱ्याखुऱ्या परक्या भाषा देतो, म्हणून मिशनऱ्यांना त्या शिकायची गरज नाही. आल्फ्रेड गार हा अझुसाचा गोरा प्रचारक बंगाली मिळाली ह्या विश्वासाने कलकत्त्याला आला. लोकांना त्याचे बोलणे कळले नाही. पुढे हाँगकाँगला गेल्यावर तो चिनी शिकू लागला. ज्यांना सुवार्ता सांगायची त्यांच्याकडून त्यांची भाषा न शिकताच ती आपल्याला आयती मिळेल, ह्या कल्पनेत साम्राज्याचा माज आहे. अनुभवाने तो उतरवला, हे बरे झाले.

ह्या कहाणीचे एक प्रकरण महाराष्ट्रातले आहे. पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनमध्ये प्रार्थनेची मोठी लाट आली. दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या मुली रडू लागल्या, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पुढे काहींच्या तोंडून अन्य भाषाही आल्या. तिथल्या कार्यकर्त्या मिनी अब्राम्स ह्यांनी १९०६ मध्ये ह्या जागृतीवर पुस्तक लिहिले. ते चिलीतील वाल्पारायसोला पोहोचले आणि १९०९ च्या तिथल्या पेंटेकॉस्टल जागृतीला त्याने चालना दिली. केडगावच्या मुलींचा आवाज असा दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला.

टीकाकारांनी ह्या मुलींना उन्मादी ठरवले. रमाबाईंनी त्यांची बाजू घेतली. भारतीय ख्रिस्ती माणसाने आपल्या रीतीने प्रार्थना का करू नये, असा त्यांचा रोख होता. पण अन्य भाषा हाच आत्म्याचा एकमेव पुरावा, हेही त्यांनी मानले नाही. बोलू द्यावे, मात्र न बोलणाऱ्याला हीन लेखू नये, ही त्यांची भूमिका.

त्याच रमाबाई त्या काळात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. सामान्य बायकांना कळावे हा हेतू. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. पौलाची कळणाऱ्या शब्दांची मागणी तिच्या मौनाच्या आज्ञेवाचून कशी पुरी करायची, ह्याचे हे उत्तर आहे. त्यांच्या छपराखाली मुलींना मोकळे ओरडताही आले आणि त्याच मुलींच्या हाती त्यांना कळेल असा ग्रंथही आला.

वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांच्या परदेश मिशन मंडळाने २००५ मध्ये खाजगीत अन्य भाषेत प्रार्थना करणाऱ्या उमेदवारांना दार बंद केले आणि २०१५ मध्ये ते उघडले. इथेही प्रश्न सनदेचाच होता.

ह्या इतिहासाकडे पाहताना आपली भूमिका काय असावी? दडपलेल्याचा हंबरडा व्याकरणात बसत नाही म्हणून त्याला बडबड म्हणणारा समीक्षक आपल्या ओळखीचा आहे. दलित कवितेनेही त्याचा मार खाल्ला आहे. पण म्हणून प्रत्येक हंबरडा मुक्तीचा ठरत नाही. सभेत आत्मा अनुभवून माणूस पुन्हा त्याच वेगळ्या बाकावर, त्याच वेगळ्या दफनभूमीत जात असेल, तर त्या अनुभवाने व्यवस्थेला फक्त विसावा दिला. कोणत्याही भाषेला, कळणाऱ्या वा न कळणाऱ्या, आपण सेमूरची कसोटी लावावी : ती बोलल्यानंतर शेजारी कोण बसले? आणि दाराबाहेर कोण राहिले?